अंदाज चुकतो म्हणजे लक्ष नाही का?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. हजारपर्यंत अंक न चुकता म्हणते, पण अंदाज विचारला की काहीच्या बाही सांगते. तिचं लक्ष नसतं का?

उत्तर : लक्षाला दोष देऊ नका. अंक म्हणता येणं वेगळं आणि तो केवढा हे उमगणं वेगळं. रॉबर्ट सीगलर आणि जॉन ऑपफर यांनी २००३ साली अमेरिकेतल्या मुलांना ० ते १००० अशी कोरी रेघ देऊन तिच्यावर संख्यांच्या जागा दाखवायला सांगितल्या. दुसरीतली मुलं १५० ला बरंच उजवीकडे सरकवत, सहावीतली साधारण योग्य जागी ठेवत. पण दुसरीतल्या त्याच मुलांना ० ते १०० ची रेघ मात्र चांगली जमली! म्हणजे प्रश्न नुसत्या वयाचा नाही, त्या पट्ट्यातल्या संख्यांशी असलेल्या ओळखीचा आहे. काही संशोधकांच्या मते मुलं इथे रेघेच्या टोकांवरून प्रमाण ताडतात. तसं धरलं तरी टोकाची संख्या ओळखीची हवीच. मग वय वाढेपर्यंत थांबायचं का? मुळीच नाही. पुढच्या प्रयोगात १५० ची जागा दुरुस्त करून दाखवताच अनेक मुलांच्या इतर संख्याही झपाट्याने सुधारल्या. तेव्हा वाटीभर शेंगदाणे घ्या, तिला आधी अंदाज सांगू द्या, मग मोजू द्या आणि लगेच दुसऱ्या वाटीचा अंदाज विचारा.