नांगरलेल्या नौका

प्रस्तावना
नौकेचे सामर्थ्य तिच्या गतीत असते. मात्र दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाच्या बाल्टिक आरमाराला बंदरात अडकून पडूनच लढावे लागले. ते कसे लढले, हे प्रस्तुत पाठात वाचायला मिळेल.

मूळ पाठ
फिनलंडच्या आखातात, लेनिनग्राड (आजचे सेंट पीटर्सबर्ग) शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर कोटलिन नावाचे बेट आहे. या बेटावरील क्रोनस्टाट हे पीटर द ग्रेटच्या काळापासूनचे आरमारी ठाणे. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस टॅलिन बंदर सोडून निघालेल्या सोव्हिएत नौका येथे आल्या. वाटेत पाणसुरुंग व विमानहल्ले यांमुळे अनेक जहाजे बुडाली आणि हजारो माणसे मृत्यू पावली.

८ सप्टेंबर १९४१ रोजी लेनिनग्राडला वेढा पडला. खुल्या समुद्राकडे जाणारा मार्ग पाणसुरुंगांनी धोकादायक केला होता. तेव्हा आरमाराने आपल्या तोफा जमिनीकडे वळवल्या. वीस किलोमीटरहून दूर मारा करणाऱ्या या तोफांनी शहरावर चालून येणाऱ्या जर्मन सैन्याला रोखण्यास मोठे साहाय्य केले. साहजिकच शत्रूच्या विमानांनी नौकांना लक्ष्य केले.

२३ सप्टेंबरला क्रोनस्टाट बंदरात ‘मारात’ या युद्धनौकेवर बाँब पडला. पुढच्या भागातील दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. तीनशेहून अधिक नौसैनिक प्राणास मुकले आणि नौका तळाला टेकली. पाणी उथळ असल्याने तिचा मागचा भाग वर राहिला. बचावलेल्या नौसैनिकांनी तेथील तोफा दुरुस्त केल्या. ज्या नौकेला शत्रूने बुडालेली मानले, तीच पुन्हा आग ओकू लागली!

‘अव्रोरा’ या जुन्या क्रूझरची कथाही अशीच हृदयद्रावक आहे. तिच्या तोफा काढून शहराच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर नेण्यात आल्या. तेथे रणगाड्यांशी झुंजताना अनेक नौसैनिक धारातीर्थी पडले. हजारो नौसैनिक तर पायदळाच्या खांद्याला खांदा लावून लढले.

हिवाळ्यात नेवा नदी गोठली आणि नौका बर्फात जखडल्या. शहरात उपासमार सुरू झाली. काही काळ नोकरी न करणाऱ्या नागरिकाला दिवसाला अवघा १२५ ग्रॅम पाव मिळे. बर्फ वितळण्यापूर्वीच ताफा संपवावा, या हेतूने एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी हल्ले केले. नौकांचे नुकसान झाले. ताफा मात्र टिकला.

जानेवारी १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्याने निर्णायक चढाई केली, तेव्हा आरमाराच्या तोफाही धडाडल्या. त्यांत पंगू ‘मारात’च्याही तोफा होत्या. २७ जानेवारी रोजी, ८७२ दिवसांनी वेढा संपूर्णपणे उठला.

या नौकांनी वेढा एकट्यानेच मोडला नाही. परंतु गती हरपली तरी कर्तव्य हरपत नाही, हे त्यांवरील माणसांनी दाखवून दिले. त्यांच्या शौर्याचे स्मरण करताना वेढ्यात भुकेने मरण पावलेल्या लाखो नागरिकांचा विसर पडू नये. युद्धाची खरी किंमत तेथेच कळते.

शब्दार्थ
आरमार – लढाऊ नौकांचा ताफा
पाणसुरुंग – पाण्यात पेरलेले स्फोटक
धारातीर्थी पडणे – रणांगणावर मरण येणे

स्वाध्याय
१. आरमाराने आपल्या तोफा जमिनीकडे का वळवल्या?
२. ‘मारात’ नौका बुडूनही निकामी का झाली नाही?
३. ‘गती हरपली तरी कर्तव्य हरपत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.