मुक्या जिवाचे मोल किती?

अभ्यासपाठ : कुटुंबात, वस्तीच्या प्रार्थनासभेत किंवा युवक गटात वाचून चर्चा करण्यासाठी



पन्नास रुपयांत आज काय येते? येडशीच्या स्टॅंडवर चार जणांचा चहा झाला की नोट संपते. प्राण्यांच्या क्रूर छळाला प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला, तेव्हा पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठरला तो १० ते ५० रुपये. साठ वर्षे उलटून गेली तरी आकडा तसाच राहिला. दंड वाढावा म्हणून देशभर अनेक जण झटत आले आहेत. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा आज अभ्यास करू.

१. आपल्या शिवारातील शेजारी

धाराशिव जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो, पण रानावनाने तो रिकामा नाही. येडशी-रामलिंग घाटाचे अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. माळरानावर काळवीट, चिंकारा, लांडगा, कोल्हा, ससा, घोरपड आणि मोर आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून आलेला एक वाघ येडशीच्या जंगलात कॅमेऱ्यात टिपला गेला. गावोगावी भीती पसरली, जनावरे दगावली, वनविभागाने त्याला पकडण्यासाठी पथके लावली.

हे शेजारी नेहमी सुखाचे नसतात. रात्रभर राखण करूनही रानडुकरे भुईमुगाचा वाफा उकरून जातात, हरणांचा कळप कोवळी ज्वारी खाऊन टाकतो. कर्ज काढून पेरणी केलेल्या माणसाचा राग आपण समजून घेतला पाहिजे. पण त्या रागातून कोणी बांधावर तारेचा फास लावतो, कोणी कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतो, कोणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक ठेवतो. फासात पाय अडकलेले जनावर एका झटक्यात मरत नाही. ते तास न् तास, कधी दोन-दोन दिवस तडफडते. विजेच्या तारेला तर डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही तिथेच पडतो.

मे २०२० मध्ये केरळमधील पालक्काड जिल्ह्यात एका गाभण हत्तिणीच्या तोंडात असेच स्फोटक फुटले. तिला काही खाता येईना. वेदना शमवण्यासाठी ती नदीच्या पाण्यात सोंड बुडवून उभी राहिली आणि तिथेच मेली. सारा देश हळहळला. पण आपल्या बांधावरच्या रानडुकराची वेदना वेगळी असते का?

२. कायदा काय सांगतो?

यासाठी मुख्यतः दोन कायदे आहेत.

पहिला, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. पकडणे, फास लावणे, विष घालणे, जखमी करणे, अंडी किंवा घरटे मोडणे हेही शिकारीतच मोडते. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. चिंकारा, काळवीट, लांडगा, मोर असे प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन वर्षे व कमाल सात वर्षे कैद आहे. मात्र जीव वाचवण्यासाठी सद्‌भावनेने प्राण्यावर वार करावा लागला, तर तो गुन्हा ठरत नाही. म्हणजे कायदा शेतकऱ्याचा वैरी नाही.

दुसरा, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. माणूस सोडून प्रत्येक सजीव त्यात ‘प्राणी’ आहे. व्याख्या एवढी मोठी, पण शिक्षा पन्नास रुपयांची! जो प्राणी वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत नाही, त्याला या दुबळ्या कायद्याचाच मुख्य आधार उरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुधारणेचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी जाहीर केला. अमानुष क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत आणि प्राण्याला ठार मारल्यास पाच वर्षांपर्यंत कैद त्यात सुचवली होती. पण मसुदा म्हणजे कायदा नव्हे. लोकांनी पाठपुरावा केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

३. मागणी केल्याने काही होते का?

होते. १९६० चा कायदाही मागणीतूनच झाला. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची १९५२ साली राज्यसभेवर नियुक्ती झाली. प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा आणील असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, पण विषय सोडला नाही.

आपल्या लहानपणी गावात दरवेशी अस्वल घेऊन येत असे. नाकात वेसण घातलेले ते अस्वल नाचताना आपण टाळ्या वाजवल्या, त्या वेसणीची जखम पाहिली नाही. १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यावर केंद्र सरकारने बंदी घातली. पण नुसत्या बंदीने दरवेशाच्या घरची चूल पेटत नव्हती. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने कलंदर कुटुंबांना दुसरा रोजगार आणि मुलांना शाळा मिळवून दिली. २००९ च्या अखेरीस नाचणाऱ्या अस्वलांची प्रथा जवळपास संपली. यातला धडा असा, की कायदा कडक हवा आणि त्यासोबत गरिबाची सोयही हवी.

४. आपली श्रद्धा काय म्हणते?

अनुवाद २२:६-७ मध्ये घरट्यातील पिल्लांसह आईला धरू नये असा नियम आहे. तोही कायदाच, आणि तो एका पाखरासाठी आहे! नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान माणसाची ओळख जनावराच्या जिवाच्या काळजीशी जोडली आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार (क्र. २४१८) विनाकारण प्राण्यांचे हाल करणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात हीच शिकवण पुन्हा सांगितली. गुब्बिओच्या लांडग्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. संत फ्रान्सिसने लांडग्याला भाऊ म्हटले, पण गावकऱ्यांचे भय नाकारले नाही. दोघांमध्ये समेट घडवला.

५. आपण काय करू शकतो?

• फास, जखमी प्राणी किंवा शिकार दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पंचनामा होण्याआधी काही हलवू नये. पुरावा गेला की खटला कोसळतो.
• पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनविभागाकडे मुदतीत करण्यास शेजाऱ्याला मदत करावी. भरपाई वेळेवर मिळाली, तर फास लावायची पाळी येत नाही.
• थेट विजेऐवजी मान्यताप्राप्त झटका मशीन वापरावे. उघड्या विहिरींना कठडा बांधावा.
• नागपंचमीला टोपलीतल्या नागाला दूध पाजू नये व पैसेही देऊ नयेत. साप दूध पिणारा प्राणी नाही, आणि त्याचे दात आधीच मोडलेले असतात.
• दंड वाढवण्याची आणि भरपाई लवकर देण्याची, अशा दोन्ही मागण्या एकाच पत्रात लिहून ग्रामसभेत ठराव मांडावा व तो खासदारांना पाठवावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत प्राण्यांचे हाल कोणत्या कारणांनी होतात? गरजेने, रागाने की करमणुकीसाठी?
२. पीक गेलेल्या शेतकऱ्याला आपण दयेची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगणार? आधी त्याच्यासाठी काय करणार?
३. मुलांच्या हातातली गलोल पाहून आपण हसतो की बोलतो?

या आठवड्याचा संकल्प : आपल्या बांधावर एक फेरी मारू. तारेचा फास दिसला, तर तो कोणाचा हे विचारण्यापूर्वी, तो आपला तर नाही ना, हे पाहू.