उशिरा येणारा विद्यार्थी आणि महाविद्यालयाचे दार

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित आहे. वर्धा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांच्या सीमा या परिसरात एकमेकींच्या जवळ येतात. येथील सोयरीक आणि बाजारहाट या सीमा मानीत नाहीत. उच्च शिक्षणाला मात्र त्या मानाव्या लागतात.

समजा, चिमूर येथे बी.ए.चे पहिले वर्ष पूर्ण केलेली एक मुलगी विवाहानंतर गिरडला आली. तिला समुद्रपूर, हिंगणघाट किंवा उमरेड येथे दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवा आहे. परंतु वर्ग सुरू होऊन गेले आहेत. "आता जागा नाही" एवढेच ऐकून ती परतली तर एक वर्ष वाया जाते, आणि ग्रामीण भागात सुटलेले एक वर्ष पुष्कळदा शिक्षणच सोडावयास लावते. म्हणून या प्रवेशाची रीत गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

सीमा कोणती ओलांडली?

नागपूर विद्यापीठाची स्थापना 1923 मध्ये झाली. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे 2011 मध्ये नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. तोवर चिमूर व गिरड एकाच विद्यापीठाच्या क्षेत्रात होते. आज चिमूरहून हिंगणघाटला येणे हा केवळ महाविद्यालयाचा नव्हे, तर विद्यापीठाचाही बदल ठरतो. अशा वेळी महाविद्यालय सोडल्याचा दाखला व गुणपत्रिका यांच्या जोडीला जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि नव्या विद्यापीठाची पात्रता लागते. उमरेडहून हिंगणघाटला येणाऱ्यास हे सव्यापसव्य पडत नाही, कारण दोन्ही गावे नागपूर विद्यापीठाच्याच क्षेत्रात आहेत.

जागा वेगळी, वर्ग वेगळा

वर्षाला प्रवेश मिळणे आणि हव्या त्या विषयाच्या वर्गात जागा असणे या दोन भिन्न गोष्टी होत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम व खुले ऐच्छिक विषयही घ्यावे लागतात. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ही रचना 2024-25 पासून लागू झाली. उशिरा येणाऱ्याने प्रथम आपला मुख्य विषय तेथे शिकविला जातो काय, हे पाहावे. तो मिळत असेल तर खुल्या ऐच्छिक विषयाबाबत हट्ट धरू नये; ज्या वर्गात जागा आहे व ज्याची वेळ एस.टी.च्या वेळेशी जुळते, तो स्वीकारावा.

पूर्वी मिळविलेले श्रेयांक वाया जात नाहीत. 2021 च्या नियमांनी स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत ते जमा राहू शकतात. मात्र ते खरोखरच जमा झाले आहेत काय, हे जुने महाविद्यालय सोडण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

विलंबाचा हिशेब

एका श्रेयांकास 15 तास धरल्यास दोन श्रेयांकांचा विषय 30 तासांचा होतो. आठवड्यास दोन तास या गतीने चार आठवडे उशीर झाला, तर 8 तास गेले व 22 उरले. हे प्रमाण सुमारे 73 टक्के भरते. 75 टक्के उपस्थितीची अट असेल तेथे ते अपुरे पडते. यास्तव उपस्थिती प्रवेशाच्या दिवसापासून मोजली जाईल काय, हे प्राचार्यांना प्रारंभीच विचारावे. मुदतीनंतरच्या प्रवेशास बहुधा कुलगुरूंची परवानगी लागते. त्यासाठी विलंबाचे कारण पुराव्यासह लेखी द्यावे. बदलीचा आदेश किंवा विवाह नोंदणीचा दाखला येथे उपयोगी पडतो.

गावाने काय करावे?

शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांचा अर्ज लिहून देण्यास साहाय्य करावे आणि एकाच महाविद्यालयावर न थांबता दोन-तीन ठिकाणी रिक्त जागांची चौकशी करावी. गावात नव्याने आलेल्या कुटुंबात कोणाचे शिक्षण अर्धवट राहिले आहे काय, याची विचारपूस पंचायत सदस्यांना सहज करता येईल. सर्वच दारे बंद झाली, तर 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग उरतो. मात्र त्याच्याही प्रवेशास मुदत असते.

विलंबाने आलेला विद्यार्थी हा दोषी नसतो. पुष्कळदा त्याचे गाव बदललेले असते, एवढेच. नव्या गावाने त्याला चार दिवस आधी योग्य कागद सुचविला, तरी त्याचे एक वर्ष वाचू शकते.