एक आजोबा, दोन नातू

बनी इस्राईलच्या वंशावळीतील कहाथ हे नाव सहसा कोणाच्या स्मरणात नसते. हजरत याकूब (अ.) यांचे पुत्र लावी आणि लावींचे पुत्र कहाथ. बायबलच्या ‘निर्गम’ ग्रंथात त्यांचे आयुष्य 133 वर्षांचे सांगितले असून त्यांच्या चार पुत्रांची नावे दिली आहेत. त्यांपैकी अम्राम, म्हणजेच इम्रान, यांच्या घरी हजरत मूसा (अ.) व हजरत हारून (अ.) जन्मले. दुसरे पुत्र इसहार. त्यांचा मुलगा कोरह. अनेक मुफस्सिरांच्या मते हाच कारून, म्हणजे मूसा (अ.) यांचा सख्खा चुलतभाऊ.

कुरआनात कहाथ यांचे नाव नाही, मात्र कारून मूसा (अ.) यांच्याच कौममधील होता, हे सूरह कससमध्ये (28:76) स्पष्ट आहे. अल्लाहने दिलेली संपत्ती त्याने स्वतःच्या ज्ञानाची कमाई मानली आणि अखेर तो घरासह जमिनीत गाडला गेला. पैगंबराचे रक्ताचे नातेही त्याला वाचवू शकले नाही.

सूर फुंकला जाईल त्या दिवशी नातीगोती उरणार नाहीत, असे सूरह मूमिनून (23:101) बजावते. तेव्हा मुलांना पूर्वजांची नावे अवश्य शिकवा. पण सोयरीक जुळवताना घराण्याआधी दीन आणि अखलाक पाहा.