रणांगणावरील संदेशवहन : तुटणाऱ्या तारांचे शास्त्र

युद्धाच्या इतिहासात 'सेनापतीने हुकूम दिला आणि फौज चालून गेली' असे वाक्य आपण अनेकदा वाचतो. हुकूम देणे आणि फौजेने चालून जाणे या दोन गोष्टींच्या मध्ये जी जागा असते, तिच्याकडे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष सहसा जात नाही. हुकूम कोणत्या वाटेने गेला, किती वेळात गेला, वाटेत त्याचे काय झाले आणि तो पोहोचला हे हुकूम देणाऱ्याला कसे कळले, हे प्रश्न तंत्रज्ञांचे आहेत असे मानून आपण पुढची तह-वाटाघाटींची प्रकरणे वाचू लागतो. वस्तुतः पुष्कळ लढायांचा निकाल या मधल्या जागेतच लागलेला आहे.

या प्रश्नाचा अभ्यास करायला पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीसारखे दुसरे उदाहरण नाही. वॉटर्लूच्या मैदानावर वेलिंग्टन घोड्यावर बसून आपली बहुतेक फौज डोळ्यांनी पाहू शकत होता. १९१४ च्या अखेरीस फ्रान्स-बेल्जियममध्ये जी खंदकांची रांग तयार झाली, ती उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांब होती. सेनापती आघाडीपासून कित्येक मैल मागे, नकाशा आणि टेलिफोन समोर ठेवून बसलेला. त्याचे डोळे, कान आणि वाणी हे सारे एका तांब्याच्या तारेवर अवलंबून होते, आणि ती तार तोफगोळ्यांच्या वर्षावात जमिनीवर पडलेली होती.

उघड्यावरची तार टिकणे शक्यच नव्हते. गोळ्यांनी ती तुटेच. शिवाय आपल्याच गाड्यांची चाके, घोड्यांचे खूर आणि अंधारात ठेचाळणारे शिपाई यांनीही ती तुटे. खंदकाच्या भिंतीला खिळवून पाहिली, तर भिंत ढासळली की तारही गेली. मग ती पुरायला सुरुवात झाली. प्रथम काही इंच, पुढे दोन-तीन फूट आणि शेवटी सहा फूट. ही खोली कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने ठरलेली नव्हती. जर्मनांच्या ५.९ इंची तोफेचा गोळा सामान्य जमिनीत फुटला, तर सहा फूट खालची केबल बहुधा वाचते, असा अनुभव होता. सहा फूट खोल चर मैलच्या मैल खणायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. हे काम बहुतेक वेळा रात्री, शत्रूला दिसू नये अशा बेताने, आघाडीवरून विश्रांतीसाठी मागे आलेल्या पायदळाच्या शिपायांकडून करून घेतले जाई. १९१६ मध्ये सोमच्या लढाईपूर्वी इंग्रजांनी अशी हजारो मैल तार खडूच्या जमिनीत पुरली.

परंतु माझ्या मते त्या युद्धातला सर्वांत बुद्धिमान उपाय हा खोल पुरण्याचा नव्हता. तो होता 'शिडी'चा. सिग्नलची माणसे एका तारेऐवजी दोन तारा समांतर टाकीत. त्यांच्यात साठ ते शंभर यार्ड अंतर ठेवीत, आणि ठरावीक टप्प्यांवर त्या दोन्ही तारा आडव्या तारेने जोडून घेत. वरून पाहिले तर जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच. या आडव्या पायऱ्यांनी काय साधते, हे गणिताला भिणाऱ्या आमच्या कलाशाखेच्या मित्रांनीही एकदा कागदावर करून पाहावे. समजा, तारेचे दहा टप्पे आहेत आणि एका भडिमारात प्रत्येक टप्पा तुटण्याचा संभव दहात एक आहे. एकच तार असेल तर दहाही टप्पे शाबूत राहण्याचा संभव केवळ ३५ टक्के उरतो. आता दुसरी तार टाकली, पण मध्ये कोठेही जोडली नाही, तर दोहोंपैकी एक तरी शेवटपर्यंत शाबूत राहण्याचा संभव ५८ टक्के होतो. दुप्पट तार खर्चूनही ही वाढ बेताचीच. पण त्याच दोन तारा प्रत्येक टप्प्यावर जोडल्या, तर संदेश थांबण्यासाठी एकाच टप्प्यातल्या दोन्ही तारा तुटाव्या लागतात. तो संभव शंभरात एक. मग संदेश पलीकडे जाण्याचा संभव एकदम ९० टक्क्यांवर जातो. तार तितकीच, शत्रूच्या तोफा त्याच, गोळेही तितकेच. बदलली ती फक्त जोडणी.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे एका तारेचे तुटणे दुसरीच्या तुटण्याशी संबंधित नाही. दोन्ही तारा एकाच चरात शेजारी टाकल्या, तर एकच गोळा दोन्ही तोडील आणि आपले ९० टक्के कागदावरच राहतील. साठ ते शंभर यार्ड अंतर ठेवण्याचे कारण हेच. आजचा अभियंता राखीव यंत्रणा उभारतो, तेव्हाही त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की, मुख्य यंत्रणा ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने राखीवही बंद पडणार नाही ना ?

तथापि पुरलेल्या तारेत एक मूलभूत उणीव होती. ती जमिनीशी बांधलेली होती आणि हल्ला करणारे सैन्य तर पुढे जाते. आपल्या पहिल्या खंदकापर्यंत टेलिफोन उत्तम चाले. त्यापुढच्या 'निर्मनुष्य' पट्ट्यात माणसे उतरली की मागच्यांच्या लेखी ती जणू नाहीशी होत. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या पहिल्या दिवशी, इंग्रज सैन्याचे ५७,४७० जण मृत, जखमी, बेपत्ता किंवा कैद झाले. त्यांतले १९,२४० मेले. या आकड्याची कारणे अनेक आहेत; पण मागच्या अधिकाऱ्यांना पुढचे खरे चित्र तासन् तास कळत नव्हते, हे त्यांतले एक मोठे कारण आहे. रिळे पाठीवर घेऊन तार सोडत निघालेली पथके पट्ट्यातच पडली.

त्याच सकाळी बोमाँ-हामेल गावासमोर जे घडले ते या विषयाच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये. तेथील डिव्हिजनला पहिल्या हल्ल्याचे काय झाले हे ठाऊक नव्हते. इतक्यात समोर पांढरा प्रकाशबाण आकाशात गेलेला दिसला. इंग्रजांच्या संकेतानुसार पांढरा बाण म्हणजे 'उद्दिष्ट साधले'. म्हणून मागच्या ब्रिगेडला पुढे जाण्याचा हुकूम झाला. प्रत्यक्षात तो बाण जर्मनांचा होता. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'आपल्या तोफांचे गोळे अलीकडे पडत आहेत' असा होता. त्या हुकमाने न्यूफाउंडलंडची पलटण उघड्या उतारावर गेली. सुमारे ८०० जण निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला ६८ उभे होते. येथे तार तुटली नव्हती, प्रकाशही मंद नव्हता. संकेत अगदी स्पष्ट दिसला. तो कोणी पाठविला हे सांगण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती.

तार शाबूत असली तरी ती फक्त आपलीच राहील असे नाही. तांबे आणि श्रम वाचविण्यासाठी आघाडीवरच्या टेलिफोनला पुष्कळदा एकच तार असे; विजेचा परतीचा प्रवास जमिनीतून होई. ओल्या जमिनीत ही वीज चहूकडे पसरते. जर्मनांनी जमिनीत सळ्या ठोकून आणि त्यांना वर्धक यंत्रे जोडून ती ऐकायला सुरुवात केली. सोमच्या हल्ल्याच्या आदल्या रात्री ला ब्वासेल येथील त्यांच्या श्रवणकेंद्राने इंग्रज सेनापती रॉलिन्सन याच्या शुभेच्छांचा तुकडा पकडला. सेनापती मध्यरात्री शुभेच्छा कशासाठी पाठवितो, हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही. यावर एक उपाय होता परतीसाठीही दुसरी तार घालून दोन्हींना पीळ देण्याचा. दुसरा उपाय कॅप्टन फुलर या इंग्रज अधिकाऱ्याने १९१५ मध्ये शोधला. त्याच्या 'फुलरफोन'मध्ये तारेवरून अत्यंत सूक्ष्म आणि एकदिश प्रवाह जाई. त्याचे ऐकू येण्याजोग्या आवाजात रूपांतर फक्त घेणाऱ्याच्या यंत्रात होई. मधल्या जमिनीला कान लावणाऱ्याला ऐकण्यासारखे काही उरत नसे. शिवाय खराब झालेल्या तारेवरही हे यंत्र चाले, हा अनपेक्षित लाभ.

तारा संपल्या की जुनी साधने पुन्हा बाहेर निघत. हेलिओग्राफ म्हणजे आरशाने सूर्यप्रकाश फेकून संदेश देणारे यंत्र. ते त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत हेन्री मान्स या तारखात्यातील अधिकाऱ्याने १८६९ मध्ये सिद्ध केले. अफगाण डोंगरांत ते झकास चाले, पण फ्लँडर्सच्या ढगाळ आकाशाखाली बिचारे निरुपयोगी ठरले. बिनतारी यंत्रे होती, पण जड होती आणि त्यांच्या उंच तारा शत्रूच्या तोफांना आमंत्रण देत. राहिला माणूस. चिठ्ठी घेऊन धावणारे 'रनर' पुष्कळदा जोडीने पाठवीत, महत्त्वाचा निरोप असेल तर वेगवेगळ्या वाटांनी. पेशवे दप्तरातील पत्रांत 'जासूद जोडी' हा शब्द वारंवार भेटतो, तो येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि राहिले कबूतर. जून १९१६ मध्ये व्हर्दूनजवळचा व्हो किल्ला जर्मनांनी वेढला. आत मेजर रेनाल आणि त्याचे फ्रेंच सैनिक, पाणी संपत आलेले, बोळांतून विषारी धूर. ४ जूनला रेनालने आपले शेवटचे कबूतर सोडले. त्याच्या चिठ्ठीत मदतीची मागणी होती. पण तिच्यात आणखी एक तक्रार होती, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. शेजारचा सुव्हील किल्ला आमच्या दिव्याच्या संकेतांना उत्तर देत नाही, त्याला उत्तर द्यायला सांगा, असे त्याने कळविले होते. कबूतर पोहोचले आणि धुराने होरपळून मेले. ७ जूनला पाण्यावाचून किल्ला पडला. दिवा लावणाऱ्याला आपला प्रकाश गेला की नाही हे कळत नसेल, तर तो तेच तेच पुन्हा सांगत राहील, की नवे सांगेल, की दिवा विझवून तेल वाचवील ? पोच नसलेला निरोप पाठविणाऱ्याच्या दृष्टीने अर्धाच पाठविलेला असतो.

या पोचपावतीच्या प्रश्नात एक गमतीदार पेच आहे. संगणकशास्त्रात तो 'दोन सेनापतींचा प्रश्न' या नावाने ओळखला जातो. १९७५ साली तो प्रथम मांडला गेला. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. पहिला जासूद पाठवितो : 'उद्या पहाटे'. जासूद पकडला गेला असेल का ? म्हणून दुसऱ्याने पोच पाठवावी. पण ती पोच पोहोचली का, हे दुसऱ्याला कसे कळावे ? म्हणजे पोचेची पोच हवी, आणि मग तिचीही. कितीही जासूद धाडले तरी दोघांनाही पूर्ण खात्री होईल असा क्षण येतच नाही. हे तर्काने सिद्ध करता येते. म्हणून जगातली कोणतीही संदेशव्यवस्था संपूर्ण खात्री देत नाही. ती 'इतक्या वेळात पोच आली नाही तर पुन्हा पाठवा, इतक्या वेळा पाठवूनही आली नाही तर अमुक करा' असा व्यवहारी नियम देते.

शिडीच्या कल्पनेचा पुढचा मोठा टप्पा अमेरिकेत आला. अण्वस्त्रांच्या काळात तेथील टेलिफोनचे जाळे काही मोजक्या मोठ्या केंद्रांवर टांगलेले होते. ती केंद्रे उडविली की उरलेल्या तारा शाबूत असूनही मुक्या होणार. कॅलिफोर्नियातील रँड या संस्थेतील पॉल बॅरन या अभियंत्याने १९६० च्या सुमारास हा प्रश्न हाती घेतला आणि १९६४ मध्ये ११ अहवालांत आपले उत्तर मांडले. केंद्रच ठेवू नका, प्रत्येक ठाणे आपल्या काही शेजाऱ्यांना जोडा, म्हणजे कोळ्याच्या जाळ्याऐवजी मासे पकडण्याचे जाळे होईल. किती शेजारी पुरतील ? त्याने संगणकावर ठाणी नष्ट करून पाहिली. किमान जोडणीच्या तिप्पट-चौपट दुवे असले, की ठाणी मोठ्या संख्येने उडाली तरी वाचलेली बहुतेक ठाणी एकमेकांशी बोलू शकतात, असे त्याला आढळले. म्हणजे प्रत्येक दुवा अभेद्य करण्याचा खर्च नको. स्वस्त, बेभरवशाचे दुवे पुरेसे आहेत.

मात्र इतक्या ठाण्यांतून गेलेला आवाज क्षीण होत जाईल. फोटोचा फोटो आणि त्याचाही फोटो काढावा तसा. म्हणून बॅरनने आवाजाचे अंकांत रूपांतर सुचविले. शून्य आणि एक हे दोनच अंक असले की प्रत्येक ठाण्याला ते नव्याने कोरे करकरीत लिहून पुढे देता येतात. संदेशाचे १,०२४ अंकांचे छोटे गठ्ठे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा, आणि ठाण्याने तो हातातल्या गरम बटाट्याप्रमाणे उघड्या असलेल्या सर्वांत बऱ्या वाटेने ताबडतोब पुढे ढकलावा. वाट बंद झाली तर दुसरी. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यानेही त्याच दशकात स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली.

१९६९ मध्ये सुरू झालेले अर्पानेट हे अणुयुद्धात टिकण्यासाठी बांधले गेले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. अर्पानेटचा हेतू दूरदूरच्या विद्यापीठांतील संगणकांचा सामाईक उपयोग करणे हा होता. गठ्ठ्यांची कल्पना त्याला उपयोगी पडली एवढेच. बॅरनचे स्वतःचे लष्करी जाळे कधी उभेच राहिले नाही. टेलिफोन कंपनी एटीअँडटीच्या तज्ज्ञांना ते अव्यवहार्य वाटले. हवाई दल अनुकूल होते, पण काम संरक्षण खात्याच्या दुसऱ्याच एका विभागाकडे जाणार असे ठरले. त्या विभागाकडे अंकीय तंत्राची जाण नाही, आणि वाईट रीतीने बांधलेले जाळे अपयशी ठरले तर ही कल्पनाच कायमची बदनाम होईल, असे बॅरनचे मत झाले. तेव्हा आपली योजना सध्या हाती घेऊ नये, असा सल्ला त्याने स्वतःच दिला.