होडीतून खाडी पाहू या

बोनकोडे गावाच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. ही नदी नव्हे. समुद्राचे पाणी आत शिरले आहे. वर ठाण्यापाशी मात्र ती एका अरुंद फाट्याने उल्हास नदीला जोडलेली आहे.

आपले वाडवडील या खाडीत उतरत, ते चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबीसाठी. काम संपलं की घर. नुसती खाडी बघायला कोण जाणार? आम्ही म्हणतो, एकदा जावे.

ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे. तेथे तिकीट काढून होडीत बसता येते. होडीची वेळ रोज बदलते, कारण भरतीची वेळ बदलते. ही वेळ तुम्हालाही काढता येईल. कालनिर्णयात तिथी पाहा. तिथीचा पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराचा पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर लागतो, तो धरावा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. तेव्हा होडी चिखलात रुतेल!

होडीतून दोन्ही काठांना तिवरं दिसतात. वरच्या टोकाला ठाण्याचा किल्ला आहे. तो मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला. १७७४ साली इंग्रजांनी तो आपल्याकडून घेतला. १८५४ साली आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली. वाशीचा पूल मात्र १९७३ चा. तोवर आपल्या माणसांना मुंबईस जायचे तर होडी, नाही तर ठाण्याचा वळसा.

खरी गंमत रोहित पक्ष्यांची. ते साधारण नोव्हेंबरात येऊ लागतात, मे अखेरपर्यंत असतात. ओहोटीच्या चिखलात वाकडी चोच उलटी बुडवतात आणि शेवाळ, बारीक किडे गाळून खातात. त्या खाण्यामुळेच पिसे गुलाबी होतात. भरतीने चिखल बुडला की ते नेरूळकडच्या पाणथळ जागी जाऊन बसतात. त्या जागा बुजवल्या तर पक्षी टेकणार कुठे? २०१५ साली सरकारने खाडीचा मोठा भाग अभयारण्य केला. नेरूळच्या तळ्यांबद्दल लोकांना अजून भांडावे लागते.

होडीत तरंगणारे जाकीट घालावे. उभे राहू नये, ओरडू नये. थवा उठला तर पंखांखाली पाहा. बसल्यावर झाकलेली लाल आणि काळी पिसे तेव्हाच दिसतात. म्हणून त्याला अग्निपंख म्हणतात.