आधी देणारा वाचावा



ओहायोतल्या ॲक्रन शहरात, नॉर्थ हिल वस्तीत, भूतानी-नेपाळी निर्वासितांच्या एका लहान संस्थेत तू रुजू झालीस याचा तुझ्या मावशीला फार आनंद आहे. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे तिथल्या आजी-आजोबांच्या चिठ्ठ्या तुला वाचता येतात. पण संस्थेने तुझ्यावर सोपवलं ते अनुदान मिळवण्याचं काम. मावशीची नोकरी अमेरिकेतल्याच एका छोट्या कौटुंबिक फाउंडेशनमध्ये आलेले अर्ज वाचण्याची होती. टेबलाच्या देणाऱ्या बाजूने तिला जे दिसलं, ते तुझ्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर पत्र.

सुरुवात सरकारी पैशापासून केलेली बरी, कारण नव्या माणसाची नजर आधी तिकडेच जाते. भूतानमधून १९९० च्या सुमारास हाकलली गेलेली ही माणसं पूर्व नेपाळच्या छावण्यांमध्ये दीड-दोन दशकं राहिली आणि २००८ पासून मोठ्या संख्येने अमेरिकेत आली. त्यांना वसवण्याची सारी व्यवस्था १९८० च्या निर्वासित कायद्यावर उभी होती. परराष्ट्र खात्याचे दहा राष्ट्रीय संस्थांशी करार असत. त्या संस्थांच्या गावोगावच्या शाखा विमानतळावर कुटुंबाला उतरवून घेत आणि पहिले ९० दिवस घर, शाळा, दवाखाना पाहत. पुढचा आधार आरोग्य खात्याच्या अखत्यारीतल्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडून येई. तुझ्या संस्थेसारख्या, वस्तीतल्याच लोकांनी काढलेल्या संस्थांसाठीही त्या कार्यालयाने वेगळं अनुदान ठेवलं होतं.

मग २० जानेवारी २०२५ ला निर्वासितांचा प्रवेश थांबवणारा आदेश निघाला आणि चारच दिवसांत या संस्थांच्या हाती काम थांबवण्याच्या नोटिसा पडल्या. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांची परिषद ही या क्षेत्रातली जुनी, भक्कम संस्था. तिने फेब्रुवारीत कोर्टात दावा लावला, आणि त्यात म्हटलं की आधीच केलेल्या कामाचे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर सरकारकडे अडकले आहेत. तिला ५० कर्मचारी कमी करावे लागले, आणि एप्रिलमध्ये तिने सरकारशी केलेले हे करार पुढे चालवणार नसल्याचं जाहीर केलं. जिच्यामागे देशभरची चर्च उभी आहेत तिची ही गत झाली.

यातून घ्यायचा धडा हिशेबाचा आहे. सरकारी अनुदान बहुधा आधी खर्च करा, बिल मागाहून पाठवा, अशा पद्धतीचं असतं. मंजुरीपत्र हातात असतं आणि पगाराच्या दिवशी बँकेत पैसे नसतात. म्हणून अशा अनुदानाला हात घालण्यापूर्वी संस्थेच्या खात्यात निदान तीन महिन्यांचा खर्च भागेल इतकी शिल्लक असावी, असं मावशीचं ठाम मत आहे. शिल्लक नसेल तर सरकारी अर्ज या वर्षी बाजूला ठेवावा. वस्तीतल्या लोकांना वचन देऊन ते मोडणं फार वाईट.

आता खाजगी फाउंडेशनं. कायद्याने त्यांना आपल्या गुंतवणुकीच्या सुमारे ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटावी लागते. म्हणजे २ कोटी डॉलरचा निधी असलेलं फाउंडेशन वर्षाला १० लाखांच्या आसपास देतं. प्रश्न एवढाच, की कोणाला. आणि या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत उघड्यावर ठेवलेलं असतं. प्रत्येक खाजगी फाउंडेशन कर खात्याला ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरतं. ते कोणालाही पाहता येतं. त्यात विश्वस्तांची नावं असतात, आणि त्या वर्षी दिलेल्या प्रत्येक अनुदानाची नोंद असते: कोणाला, कशासाठी, किती. प्रोपब्लिकाच्या संकेतस्थळावर हे कागद फुकट मिळतात. २०१९ मध्ये फाउंडेशन सेंटर आणि गाइडस्टार एकत्र येऊन झालेल्या कँडिड या संस्थेचा मोठा कोश सशुल्क आहे, पण अनेक सार्वजनिक वाचनालयांत तो बसून विनामूल्य वापरता येतो.

या विवरणपत्रात एक बारीक चौकट असते. आम्ही आधी निवडलेल्या संस्थांनाच देतो, न मागवलेले अर्ज घेत नाही, असं सांगायचं असेल तर फाउंडेशन तिथे खूण करतं. ती खूण न पाहता पाठवलेले, रात्री जागून लिहिलेले, चांगले अर्ज मावशीने कितीतरी पाहिले. ते कोणी उघडूनही वाचत नाही. तशी खूण दिसली तर अर्ज लिहू नकोस. विश्वस्तांची नावं पाहा, त्यांच्यापैकी कोणी तुमच्या सल्लागार मंडळातल्या कोणाच्या ओळखीचं निघतं का ते विचार. मागच्या तीन वर्षांची यादीही वाच. सगळी अनुदानं ५ ते १० हजारांची असतील तर ५० हजार मागणाऱ्या अर्जावरून दिसतं की यादी वाचलेलीच नाही.

आणि नजर जवळ ठेव. गावातल्या लोकांचा पैसा एकत्र करून गावासाठीच वापरणारं पहिलं फाउंडेशन तुझ्याच राज्यात, क्लीव्हलंडमध्ये, १९१४ साली निघालं. ॲक्रनचंही तसं एक आहे. ट्रकवाहतुकीच्या धंद्यातून उभं राहिलेलं जीएआर फाउंडेशन तिथलंच. वृत्तपत्रांचे मालक असलेल्या दोन नाइट बंधूंचं फाउंडेशन १९५० मध्ये ॲक्रनलाच सुरू झालं; आज त्याची कचेरी मायामीत असली तरी ते ज्या शहरांना पैसे देतं त्यांच्या यादीत ॲक्रन कायम आहे. यांच्यातल्या कोणाचं मुख्य ध्येय निर्वासित हे नाही. त्यांना काळजी आहे ती शहराची. १९६० मध्ये २ लाख ९० हजारांचं असलेलं ॲक्रन २०२० मध्ये १ लाख ९० हजारांवर आलं. अशा शहरात नॉर्थ हिलची रिकामी घरं आणि बंद दुकानं ज्यांनी पुन्हा उघडली, ती हीच भूतानी कुटुंबं. ही गोष्ट तिथल्या विश्वस्तांना रस्त्यांच्या आणि दुकानांच्या नावांनिशी सांग. यात लबाडी काही नाही. तुमचं काम आणि त्यांची काळजी जिथे खरोखर जुळते, ती जागा दाखवायची.

अर्जात दुःखाची वर्णनं कमी आणि कामाचा तपशील जास्त असू दे. समज, तुमचा नागरिकत्वाचा वर्ग. १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जाची फी ७६० डॉलर आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी परीक्षा लागू झाली: १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारणार, १२ बरोबर यायला हवेत. आधी हेच १० पैकी ६ होते. छावणीत आयुष्य गेलेल्या, अक्षरओळख नसलेल्या आजीला हे किती अवघड आहे आणि तुमची शिक्षिका तिच्याकडून ते कसं करून घेते, हे दोन परिच्छेदांत लिहिलंस तर वाचणारा थांबतो. शिक्षिकेचा पगार, खोलीचं भाडं, हिशेबनिसाचा वाटा, सगळं खर्चात प्रामाणिकपणे धर. हिशेबनिसाचे पैसे मागायला लाजणाऱ्या संस्था पुढे ऑडिटच्या वेळी अडचणीत येतात.

राष्ट्रीय पातळीवर स्थलांतरितांसाठी देणाऱ्यांचं एक जाळं १९९० पासून आहे, जीसीआयआर नावाचं. ते सहसा स्वतः पैसे वाटत नाही, पण कोण देतं हे तिथल्या सभासदांवरून कळतं. सरकारने हात आखडता घेतल्यावर खाजगी पैसा पुढे येतो, हे यापूर्वीही घडलं आहे: १९९६ च्या कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांच्या सवलती कापल्या, तेव्हा जॉर्ज सोरोस यांनी ५ कोटी डॉलरचा एमा लॅझारस फंड उभारला होता. पण असा मोठा दाता येईल म्हणून वाट पाहत बसू नकोस.

त्यापेक्षा आपल्या माणसांकडे जा. महाराष्ट्रातल्या सामाजिक कामासाठी इथल्या मराठी लोकांनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन काढलं आणि तेव्हापासून निष्ठेने पैसे पाठवले. द्यायची सवय त्यांच्या अंगी आहे. ईशान्य ओहायोतले मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर नॉर्थ हिलपासून अर्ध्या-एक तासाच्या अंतरावर राहतात. त्यांच्यातल्या अनेकांना ही वस्ती माहीतही नसेल. त्यांच्यासाठी गणपतीत एक माहितीचं टेबल मांड. कितीतरी कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या रकमेइतकीच भर स्वतः घालतात, तो अर्ज कसा करायचा हे छापून ठेव. ही देणगी रकमेने लहान असेल, पण ती अमुकच कामावर खर्च करा अशी अट तिला नसते, आणि सरकारी बिल अडकल्यावर वीजबिल याच पैशातून भरता येतं.

या महिनाअखेरीस ॲक्रनमध्ये अनुदान देणाऱ्या पाच फाउंडेशनांची तीन-तीन वर्षांची विवरणपत्रं उतरवून घे, तुमच्यासारख्या संस्थांना मिळालेल्या रकमांवर खूण कर आणि मावशीला पाठव. नागरिकत्वाच्या वर्गाचा खर्चही सोबत जोड. रविवारी सकाळी फोनवर बसून यादीतली कोणती दोन नावं आधी घ्यायची ते ठरवू.

तुझी,
मावशी